कोटाला जास्त झालेली नीळ

पेठ रोडच्या मार्केट यार्डामागे धान्य आणि पशुखाद्य तपासून देणारी एक खासगी प्रयोगशाळा होती. सकाळी अकराच्या सुमाराला तिथे जाऊन कुणी "बोरस्ते साहेब आहेत का?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असायचं, "आहेत, पण अंधारात बसलेत." नवखा माणूस चपापायचा. साहेबांच्या घरी काही वाईट झालं की काय, असं वाटून आवाज खाली आणायचा. जुनी गिऱ्हाइकं मात्र बाकावर ऐसपैस बसून चहा मागवायची, कारण बोरस्ते साहेब अंधारातून बाहेर येईपर्यंत नाशिक जिल्ह्यातल्या निम्म्या कोंबड्यांनी काय खावं हे ठरत नसे.

गोरक्ष बोरस्ते मूळचे निफाडकडचे. घरची द्राक्षबाग थोरल्या भावाच्या हवाली करून ते रसायनशास्त्र शिकले आणि नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला, ही प्रयोगशाळा निघाली तेव्हापासून, तिथे चिकटले. त्यांचं काम एकच, पण जोखमीचं. मका ओला राहिला, पेंड दमट गोदामात पडून राहिली, की तिच्यावर बुरशी धरते. बुरशी झटकून टाकता येते, पण ती मागे जे विष ठेवून जाते ते झटकता येत नाही. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि ते खाल्लेली कोंबडी एकदम मरतही नाही. ती नुसती सुस्तावते, अंडी कमी देते, आणि मालक भलत्याच कारणाला दोष देत बसतो.

हे न दिसणारं विष गोरक्षराव टीएलसी नावाच्या पद्धतीने दिसतं करायचे. दळलेला मका द्रावणात घुसळून, गाळून, आटवून त्याचा अर्क करायचा. काचेच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ थर स्वतः ओढून वाळवायचा आणि त्यावर त्या अर्काचा एक बारीक ठिपका द्यायचा. शेजारी ओळीने माहीत असलेल्या विषाचे, चढत्या मात्रेचे पाच ठिपके. पट्टी द्रावणात उभी केली की ठिपके वर चढत चढत एकमेकांपासून सुटे होतात. मग ती अंधारात न्यायची आणि जांभळ्या दिव्याखाली धरायची. विष असेल तर तिथे निळा उजेड पडतो. त्या विषाच्या जातींची नावंच मुळी या उजेडावरून पडली आहेत, निळा उजेड देते ती बी आणि हिरवा देते ती जी. यातली निळी अधिक वाईट. आपला ठिपका पाचांपैकी कुणाइतका निळा आहे ते नुसत्या डोळ्याने ठरवायचं, की झाला रिपोर्ट.

या नुसत्या डोळ्यावर गोरक्षरावांचा सगळा डोलारा उभा होता. कोपऱ्यात प्लायवूडचं एक उभं कपाट होतं, त्याला काळा पडदा, आत एक स्टूल आणि दिवा. आत गेल्यावर ते लगेच दिवा लावत नसत. आधी बराच वेळ डोळे मिटून बसत. "उन्हातून आलेला डोळा उर्मट असतो," ते सांगत, "त्याला आधी गप्प बसवावं लागतं." त्या काळात कपाटातून घोरण्याचा आवाज येतो असं ऑफिसातल्या लोकांचं म्हणणं होतं. दिव्याचा चोक गुणगुणतो, असं गोरक्षरावांचं म्हणणं होतं. दिवा लावायच्या आधीच चोक कसा गुणगुणतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दिव्याबरोबर आलेला संरक्षक चष्मा कपाटाबाहेरच्या खिळ्याला पहिल्या दिवसापासून लटकत होता. तो चष्मा निळं खातो, अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्या कुणाला त्यांनी त्या पडद्याआड कधी येऊ दिलं नाही. देवाच्या गाभाऱ्यात एक वेळ सोवळं नसलेला माणूस शिरला असता, पण त्या कपाटात नाही.

लोकांचा विश्वासही तसाच होता. निफाडजवळ लंकाबाई म्हणून एक बाई अंड्यांच्या कोंबड्या पाळायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने शेड उभी केलेली, आणि स्वभाव असा की खाद्यवाल्या व्यापाऱ्यांनी त्यांना पाहून रस्ता बदलावा. मक्याचं पोतं घ्यायच्या आधी त्या पिशवीभर नमुना घेऊन एसटीने नाशिकला येत आणि दिवसभर बाकावर बसून राहत. रिपोर्टचा कागद त्यांना नकोच असे. "भाऊ, तुमी नुसतं सांगा. कोंबड्यास्नी घालू का नको?" गोरक्षराव डोळे चोळत पडद्यातून बाहेर येत आणि "घाल, ताई" किंवा "नको घालू" असं म्हणत. एवढ्यावर लंकाबाई उठत.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात या संस्थानावर परचक्र आलं. मालकांचा मुलगा शेखर आता कारभार बघू लागला होता. मुंबईतल्या एका प्रदर्शनातून तो एक किट आणि ते वाचणारं यंत्र घेऊन आला, आणि यंत्रापाठोपाठ सायली आली. सायली कळवणची, पुण्याला एमएस्सी झालेली, बोलायला गोड आणि पिपेट धरायला पक्की. तिच्या एलायझा किटमध्ये छोट्या छोट्या खळग्यांची एक पांढरी पट्टी असे. तीत अर्काचे थेंब टाकायचे, वेगवेगळी द्रावणं घालायची, धुवायचं, पुन्हा घालायचं, की खळग्यांत रंग येई आणि यंत्र तो रंग मोजून आकडा देई. गोरक्षरावांना एका पट्टीला जवळपास दिवस लागे. सायली जेवणाच्या सुट्टीआधी ढीगभर नमुने उरकून डबा उघडून बसलेली असायची.

"आणि यात विष जास्त असेल तर रंग कमी येतो, सर," तिने पहिल्याच दिवशी उत्साहाने समजावलं.

"म्हणजे उलटी गंगा," गोरक्षराव म्हणाले. "विष नाही तिथे रंगपंचमी आणि विष आहे तिथे कोरडं. छान आहे, मॅडम." ती त्यांच्या मुलीच्या वयाची होती, पण त्या दिवसापासून ते तिला मॅडमच म्हणू लागले, आणि त्यातला खवचटपणा तिच्या लक्षात येऊ नये अशी त्यांची अजिबात इच्छा नव्हती.

एकाच मक्याचे दोघांचे आकडे जुळेनात. सायलीचा आकडा नेहमी वर, गोरक्षरावांचा खाली. ते म्हणायचे, किट कशालाही विष समजतं. ती म्हणायची, तुम्ही एकदा मक्याचा मोठा नमुना घेऊन बघा. शेवटी शेखरने भांडण मिटवायचा शहाणा मार्ग काढला. नमुना नीट दळून, एकजीव करून त्याचे तीन वाटे करायचे. एक गोरक्षरावांना, एक सायलीला, आणि एक पुण्याला, एचपीएलसी नावाच्या महागड्या यंत्राकडे. ते यंत्र अर्क बारीक नळीतून दाबून नेतं, एकेक पदार्थ सुटा करतं आणि मोजतं. पुण्याचा आकडा खरा धरायचा. तो ज्याच्या बाजूने पडेल ती पद्धत ठेवायची. "आणि काका," शेखर जरा चाचरत म्हणाला, "तुमची बसली नाही तर दिवाळीनंतर ते कपाट काढू. यंत्राला एसीची केबिन करायचीय."

गोरक्षराव मोठ्याने हसले. सायंकाळी स्कूटर काढताना मात्र त्यांना हसू येईना. निवृत्ती तर पुढे होतीच, तिची त्यांना भीती नव्हती. पण आपण ज्याच्यावर एवढी वर्षं बोट ठेवून "हे खरं" म्हणत आलो ते एखाद्या जुन्या वजनकाट्यासारखं भंगारात जाणार, आणि लंकाबाईसारखी माणसं मागाहून म्हणणार की तो डोळा तसा अंदाजेच बघायचा, हे त्यांना सोसणार नव्हतं.

त्यात खरी गोष्ट अशी की निळा उजेड त्या वर्षी त्यांनाही जरा मंदच वाटत होता. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, पण दोषी शोधायला सुरुवात केली. आधी दिव्याची नळी बदलली. मग नव्या नळीला शिव्या घातल्या आणि पुन्हा बदलली. मग वीज मंडळाच्या व्होल्टेजवर घसरले. सिलिका भेसळीची येते म्हणाले, क्लोरोफॉर्मच्या व्यापाऱ्याला फोन करून त्याचा सकाळचा चहा कडू केला, काचपट्ट्या धुणाऱ्या बाईंना साबणावरून बोल लावले. एकदा तर पावसाळी हवेला दोष देऊन झाला. पेठ रोडपासून सातपूरपर्यंत कुणी म्हणून सुटलं नाही. कपाटातल्या स्टुलावर कोण बसतं, एवढंच तपासायचं राहिलं.

घरीही कुरबुर चालू होती. गोरक्षरावांची पत्नी सिंधुबाई कपड्यांच्या बाबतीत मोठी काटेकोर बाई. पण हल्ली आपला पांढरा कोट पिवळट दिसतो, अशी गोरक्षरावांची भुणभुण सुरू झाली. "नीळ घालतेस की नाही?" सिंधुबाई नीळ घालत होत्याच, त्यांनी थोडी वाढवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा, "अगं, अजून पिवळाच." त्यांनी आणखी वाढवली. सिंधुबाईंना राग आला की त्या वाद घालत नसत, सांगितलेलं काम सांगितल्यापेक्षा जास्त करत. त्या रागाने बादलीत नीळ ओतत गेल्या, आणि भाद्रपद लागेपर्यंत कोटावर अशी निळाई चढली की गोरक्षराव गल्लीच्या टोकाशी आले तरी प्रयोगशाळेतून ओळखू येत.

आता हे कुणी बोलून का दाखवू नये? तर ज्याने त्याने आपापलं कारण लावून ठेवलं होतं. हिशेबनीस म्हणायचे, साहेबांची साडेसाती सुरू झालीय, शनीला निळं चालतं. ड्रायव्हरचं मत पडलं की शेखरभाऊंनी नवीन गणवेश काढलाय आणि पहिला मान साहेबांना दिलाय. तो आपल्या निळ्या शर्टाची वाट बघत बसला. सायलीला वाटायचं की वडीलधाऱ्या माणसाच्या कपड्यांवर आपण काय बोलणार. आणि शेखर इतका आपल्या केबिनच्या नकाशात गढलेला, की गोरक्षकाका भगव्या कफनीत आले असते तरी त्याने मान वर केली नसती.

पुण्याचे आकडे दसऱ्याच्या तोंडावर आले. गोरक्षराव हरले होते. आणि हरण्याची तऱ्हाही विचित्र होती. हिरव्या जातीचे त्यांचे आकडे पुण्याशी जवळपास जुळत होते, पण निळीचे सगळे खाली. शेखरने तो कागद दोनदा घडी घातला आणि उलगडला. "पद्धत जुनी झाली, काका," एवढंच म्हणाला. गोरक्षराव म्हणाले, "दिवा. दिव्याची नळीच खराब आहे. मी सांगतच होतो." आणि पडद्याआड गेले.

दसऱ्याला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असे. दळण्याच्या यंत्राला झेंडूचा हार, तराजूला हळदकुंकू, दिव्याला एक फूल, आणि यंदा सायलीच्या यंत्रालाही. घरची मंडळीही येत. सिंधुबाई प्रसादाचे द्रोण भरत होत्या आणि सायली त्यांना मदत करत होती. बोलता बोलता सिंधुबाईंचं आवडतं गाऱ्हाणं निघालं.

"काय सांगू बाई, आमच्या ह्यांना काही पसंतच पडत नाही. पिवळा, पिवळा, पिवळा. नीळ घालून घालून माझी बोटं निळी पडली. तो बघ, मोरासारखा दिसतो माणूस, आणि वर म्हणतो पिवळा! परवा माझी मोरपंखी साडी बघून म्हणाले, ही मातकट का नेसलीस?"

सायलीच्या हातातला द्रोण तसाच राहिला. तिला एकदम आठवलं. मागे एकदा किटच्या खळग्यांत चांगला गडद निळा रंग आला होता आणि गोरक्षराव वरून डोकावून म्हणाले होते, "कुठाय तुमचा निळा, मॅडम? गढूळ पाणी दिसतंय." तिने तो टोमणा समजून सोडून दिला होता. तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच गढूळ दिसत होतं.

आता हे त्यांना सांगायचं कसं? त्या रात्री तिने मनाशी पुष्कळ वाक्यं जुळवली आणि मोडली. दुसऱ्या दिवशी सगळी विसरून, गोरक्षराव कोटाच्या बाह्या चढवत आत आले तेव्हा तिच्या तोंडून सरळच निघालं, "सर, हा कोट कुठल्या रंगाचा आहे?"

"पांढरा. म्हणजे असायला हवा. घरात कुणाचं लक्ष नाही, पिवळा पडलाय."

"सर, तो निळा आहे."

गोरक्षराव हसले. मग त्यांनी हिशेबनिसांकडे पाहिलं. हिशेबनिसांना एकाएकी कॅल्क्युलेटर पुसायची निकड भासली. त्यांनी शेखरकडे पाहिलं, आणि शेखरनेही त्या कोटाकडे बहुधा पहिल्यांदाच पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. दारातला ड्रायव्हर चाचरत म्हणाला, "साहेब, मला वाटलं युनिफॉर्म हे."

गोरक्षरावांनी चढवलेल्या बाह्या पुन्हा खाली ओढल्या. पडदा सारून कपाटात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या दिवशी घोरण्यावरून कुणी विनोद केला नाही. आत ते डोळे उघडे ठेवून बसले होते आणि त्यांना भीती वाटत होती. एवढ्या वर्षांत त्या अंधाराची त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. मग पडदा जरासा बाजूला झाला आणि आतून आवाज आला, "सायली, जरा आत ये."

मॅडम नाही, सायली. तीही गडबडून, चप्पल बाहेर काढून आत गेली. दिव्याखाली पुण्याला पाठवलेल्यांपैकीच एका नमुन्याची नवी पट्टी होती. "मधला ठिपका," ते म्हणाले. "शेजारच्यांपैकी कुणाइतका आहे?"

"चौथ्याइतका, सर."

"नीट बघ. डोळा बसू दे."

तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. "चौथ्याइतकाच. चांगला ठळक निळा आहे."

गोरक्षरावांनी तो दुसऱ्याइतका धरला होता. पुण्याचा आकडा चौथ्याशी जुळणारा होता, हे त्यांना पाठ होतं. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले, आणि दिवा बंद केला.

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पिकत आलेला. पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं होतं, निळा रंग आधी जातो. शेजारचे पाच ठिपके शुद्ध विषाचे, पण मक्याच्या ठिपक्यात मक्याचा पिवळसर उजेडही मिसळलेला असे, आणि त्यात बुडालेलं निळं या डोळ्याला सापडत नव्हतं, हे गोरक्षरावांना तिथेच उमगलं. वयानेही होतो, पण ते दिव्याचं ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "चष्मा वापरत होता ना?" गोरक्षरावांनी छताकडे बघितलं. दिवाळी झाल्यावर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा समोर सिंधुबाई उभ्या होत्या.

"ही साडी नवीन घेतलीस?"

"तुम्हीच आणलेली आहे. तीन वर्षांपूर्वी. मातकट म्हणाला होता तीच."

ते बघतच राहिले. असला निळा या जगात असतो हे ते विसरूनच गेले होते. डोळा ओला झाला, आणि डॉक्टरांनी पाणी येऊ द्यायचं नाही म्हणून दटावलं. घरी पोहोचले तर दारातल्या दोरीवर कोट वाळत होता. "हा कुणाचा?" त्यांनी विचारलं, आणि सिंधुबाईंनी उत्तर न देता नुसतं त्यांच्याकडे बघितल्यावर ते तिथेच पायरीवर बसले. "अगं, मी हा घालून बँकेत गेलो. भावाच्या मुलीच्या सुपारीला गेलो." सिंधुबाई म्हणाल्या, "मी तर फक्त सांगितलेलं ऐकलं," आणि पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

दुसरा डोळा महिनाभरात करू, असं डॉक्टर म्हणत होते. गोरक्षरावांनी नाही म्हणून सांगितलं. "डावा असू द्या जरा. साक्षीदार आहे तो." डॉक्टरांना पेशंट चक्रम वाटला.

प्रयोगशाळेत तपासलेल्या प्रत्येक मालाचा थोडा भाग बाटलीत बंद करून ठेवत. त्या वर्षभराच्या बाटल्या गोरक्षरावांनी फळीवरून उतरवल्या. कोणती बाटली कुणाची ते कळू नये म्हणून सायलीने त्यांना आपल्या खुणा घातल्या. पट्ट्या पुन्हा ओढल्या. आता कपाटात दोघं बसत. आधी गोरक्षराव उजवा डोळा तळहाताने झाकून डाव्याने आकडा सांगत, मग डावा झाकून उजव्याने. सायली लिहून घेई. तोच दिवा, तीच पट्टी, तोच माणूस. पुन्हा पुण्याला नमुने गेले, पुन्हा किट लागलं.

डावा डोळा वर्षभराच्या सगळ्या चुका जशाच्या तशा पुन्हा करत गेला. उजवा पुण्याच्या बरोबरीने चालला. मक्यात किटही नेमकं निघालं, पण सरकी पेंड आली की त्याचा आकडा उगीच वर जाई. पेंडीतलं काहीतरी त्याला फसवत होतं. सायलीचा चेहरा पडला. "मॅडम," गोरक्षराव म्हणाले, कारण अशी संधी ते सोडणारे नव्हते, "तुमच्या किटलाही एकदा कॅनडा कॉर्नरला दाखवून आणा." पेंडीचा अर्क धुऊन साफ कसा करायचा ते मग त्यांनीच तिला शिकवलं, आणि पडद्यापाशी लटकणारा चष्मा तिने त्यांच्या नाकावर चढवला. तो निळं खात नाही, हेही उजव्या डोळ्याने कबूल केलं.

शेखरपुढे निकालाचा तक्ता गेला. तो वाचता वाचता थांबला. "काका, हे काय? 'टीएलसी, बोरस्ते, डावा डोळा.' हा कागद पार्ट्यांना जाईल. लोक हसतील हो."

"हसू दे."

"त्यापेक्षा आपण असं लिहू, जुन्या दिव्यात दोष होता, नवा बसवला. तुम्हीच तर म्हणत होता."

गोरक्षरावांना ते वाक्य फार ओळखीचं वाटलं. वर्षभर त्यांनीच ते पाळून वाढवलं होतं, आणि आता ते शेपूट हलवत परत आलं होतं. घेतलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. "दिवा चांगला होता," ते म्हणाले. "सिलिका चांगली होती. पद्धतीवर आळ येऊ द्यायचा नाही. जे आहे ते लिही."

तसंच लिहिलं गेलं. किट रोजच्या कामाला ठेवलं, शंका येईल तिथे पट्टी लावायची ठरलं, आणि प्रत्येक पट्टी दोन माणसांनी वेगवेगळी बघायची असा नियम झाला. शेखरच्या केबिनला दुसरी भिंत शोधावी लागली. यावर कुणीही गोष्ट संपवली असती, पण गोरक्षरावांना ती संपवता येत नव्हती, कारण फळीवरच्या बाटल्यांत डाव्या डोळ्याने पास केलेल्या काही होत्या ज्या उजव्याने नापास केल्या. एक भाद्रपदातली होती आणि तिच्यावर लंकाबाईंचं नाव होतं.

लंकाबाई नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन आल्या तेव्हा गोरक्षरावांनी त्यांना बाकावरून उठवून आत खुर्चीवर बसवलं. तेवढ्यानेच बाईंना काहीतरी बिनसल्याचा सुगावा लागला. त्यांनी सगळं सांगितलं. डोळा, कोट, बाटली. "तो मका घालायचा नव्हता, ताई. मी घाल म्हणालो."

लंकाबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "म्हंजी त्या मक्यानं अंडी कमी झाली व्हती?"

"हो."

"मला वाटलं कोंबड्याच म्हाताऱ्या झाल्या. निम्मी शेड इकून टाकली मी." त्यांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, आणि गोरक्षरावांना वाटलं की आता व्यापाऱ्यांवर पडतो तसा तोंडाचा पट्टा आपल्यावर पडणार. तो पडावा अशी त्यांची इच्छाही होती. मग बाई त्यांच्या तोंडाकडे, एका स्वच्छ आणि एका गढूळ डोळ्याकडे, निरखून बघत म्हणाल्या, "म्हातारं दुसरंच कोन झालं व्हतं, आन् बाजार दावला बिचाऱ्या कोंबड्यास्नी."

गोरक्षरावांना मान वर करवेना. हिशेबनीस बाहेर खोकल्याचं निमित्त करून हसले, आणि लगेच गप्प झाले.

लंकाबाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि मक्याचा नमुना टेबलावर ठेवला. "ह्यो चांदवडचा हे. बघा. त्या पोरीला बी दावा, मशीनीत बी घाला. आन् भाऊ, तो दुसरा डोळा लवकर करून घ्या. माझी शेड पुन्यांदा भरायची हे."

"पुढच्याच आठवड्यात करतो, ताई," गोरक्षराव म्हणाले. मका दळायला गेला, आणि पट्टी तयार झाल्यावर त्यांनी खिळ्यावरचा चष्मा काढला, सायलीला हाक मारली, आणि दोघं पडदा सारून आत गेले. लंकाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी आणखी एक चहा सांगितला.